माझ्या गोष्टीतली गोरीपान राणी

आमच्या घरापासून नातीची शाळा माझ्या पावलांनी चौदा मिनिटांवर आहे आणि नातीच्या पावलांनी पंचवीस, कारण तिला वाटेतल्या प्रत्येक कुंपणावरून हात फिरवत यायचं असतं. आम्ही सिडनीत क्वेकर्स हिलला राहतो: मुलगी, जावई, सात वर्षांची नात आणि मी. मुलगी-जावई दोघंही कामावर, तेव्हा दुपारी तीन वाजता शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं खातं माझ्याकडे. मी इथे आले ती मुलीच्या बाळंतपणापुरती. बाळंतपण झालं, बारसं झालं, बाळ शाळेत जायला लागलं, तरी मी आपली आहेच.

फाटकातून बाहेर पडलं की नात दप्तर माझ्या खांद्यावर टाकते आणि म्हणते, "स्टार्ट, आजी." मग मी गोष्ट सुरू करते. ही गोष्ट बरोब्बर घरापर्यंत पुरवावी लागते. राउंडअबाउट यायच्या आत राजा शिकारीला निघाला पाहिजे, बागेपाशी संकट आलं पाहिजे आणि आमच्या लेटरबॉक्सपाशी सगळे सुखाने नांदायला लागले पाहिजेत. पाऊस असला तर शिकार रद्द. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायला लागले की छत्री उघडायची आणि राक्षसाचे संवाद म्हणत पळायचं. नातीला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र इंग्रजीत येतात. फारच लाडात आली तर मराठीत.

तिची आवडती गोष्ट होती आवडती-नावडतीची. एका राजाला दोन राण्या. आवडती गोरीपान, केतकीच्या रंगाची, महालात राहणारी. नावडती काळी. ती घोड्यांच्या पागेशेजारी राहणार आणि शिळी भाकरी खाणार, पण मनाने फार चांगली. एकदा ती तळ्यावर पाणी आणायला जाते. तिथे एका म्हाताऱ्या बदकाच्या पायात काटा रुतलेला असतो. नावडती तो काढते, आपल्यातली अर्धी भाकरी बदकाला देते. बदक म्हणतं, बाई, या तळ्यात एक बुडी मार. ती बुडी मारते आणि वर येते ती सोन्यासारखी लखलखीत गोरी होऊन. राजा म्हणतो, अहाहा, ही कोण सुंदरी! आणि मग तीच पट्टराणी.

ही गोष्ट मला आईने सांगितली, मी मुलीला सांगितली आणि नातीला तर किती वेळा त्याची गणती नाही. माझ्या मते ती दयाळूपणाची गोष्ट होती. कुणी विचारलं असतं तर मी मान ताठ करून सांगितलं असतं, की माझ्या गोष्टींतून मुलांवर चांगले संस्कार होतात. आता त्या बाईची मला कीव येते. पण तेव्हा ती बाई मजेत होती.

टूनगॅबीच्या एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. चौदा मुलं, एक ताई आणि बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन बघणारे त्यांचे बाप. ताई एरवी बँकेत काम करते आणि रविवारी हौसेने मुलांकडून 'ळ' म्हणवून घेते. गेल्या दिवाळीच्या दीड महिना आधी ती मला म्हणाली, "काकू, आपल्या कार्यक्रमात मुलांचं एक छोटं नाटक बसवाल? दहा मिनिटांचं. तुम्हाला गोष्टी छान येतात."

मला एवढंच हवं होतं. मी तिथल्या तिथे दिग्दर्शक झाले. गोष्ट अर्थातच आवडती-नावडतीची.

मुलांना ओळीने उभं केलं आणि कामं वाटली. एक उंच, घोगऱ्या आवाजाची मुलगी होती, तिला राजा केलं. मिशा काढायला मिळणार म्हणून ती खूश. एक घाऱ्या डोळ्यांची गोरी मुलगी होती, तिला 'भाकरी' म्हणता येत नाही, 'बाक्री' म्हणते, तिला आवडती केलं. महालात राहणाऱ्या बाईला भाकरी म्हणावं लागतच नाही. नावडती माझी नात.

अडचण होती ती बुडीची. स्टेजवर काळीची गोरी कशी करायची? मग मला अशी काही युक्ती सुचली, की मी स्वतःवरच खूश झाले. दोन मुलांनी निळी चादर आडवी धरायची, ते तळं. चादरीमागे आधीच दुसरी एक गोरी मुलगी सोनेरी ओढणी घेऊन दबा धरून बसलेली. नावडती बुडी मारायला खाली बसली, की ही उठून पुढे येणार. बघणाऱ्यांना वाटणार, जादूच झाली.

पहिल्या तालमीला नातीने काय काम केलं! भाकरी मोडून बदकाला देताना तिने मोठा तुकडा बदकाचा आणि लहान आपला ठेवला, हे मी सांगितलेलं नव्हतं. काटा काढून त्यावर फुंकर घातली. मग चादरीमागे गेली. दुसरी मुलगी ओढणी फडकवत बाहेर आली. राजा "अहाहा" म्हणाला, बाकीची मुलं फेर धरून नाचायला लागली आणि मी टाळ्या वाजवल्या.

चादरीच्या वरून नातीचं डोकं आलं. "आजी, मी कधी बाहेर येऊ?"

"तू नाही गं येत. आता ती नावडती."

"बट आय डिड ऑल द गुड थिंग्ज."

"हो, पण आता तू बदललीस ना. गोरी झालीस."

"मी नाही बदलले. शी इज अ डिफरंट पर्सन."

नाचणारी मुलं थांबली. राजा मिशांच्या जागी बोट धरून हसायला लागला.

"मग मी इथे काय करू?"

"खाली बसून राहा. सगळ्यांच्या टाळ्या झाल्या की ये."

ती खाली बसली. मी नाच परत घेतला, दोन वेळा घेतला. त्या सगळ्या वेळात ती चादरीमागे उकिडवी बसली होती. तालीम संपल्यावर गाडीकडे जाताना तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "आजी, इज इट बिकॉज आय ॲम ब्राउन?"

"छे!" मी म्हटलं. "तुझा आवाज खणखणीत आहे म्हणून. नावडतीला बोलायचं किती असतं!"

"ओके," ती म्हणाली.

सोमवारी तीन वाजता तिने दप्तर स्वतःच्याच पाठीवर ठेवलं. मी वाट बघितली. शेवटी मीच म्हटलं, "मग, राजा निघाला का शिकारीला?"

"नो थँक्स, आजी. आय विल जस्ट वॉक."

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. कुंपणावरून हातसुद्धा फिरवेना, त्यामुळे आम्ही चौदा मिनिटांत घरी पोचत होतो. मी मनात म्हटलं, मुलं आहेत, विसरतील. गुरुवारी जेवताना तिने आईला सांगितलं की पुढच्या टर्मपासून तिला आफ्टर-स्कूल केअरला जायचंय. तिथे लेगो आहे.

"आजी येते ना तुला आणायला?" मुलगी म्हणाली.

"आजीचे पाय दुखतात," नात म्हणाली. माझे पाय दुखतात ही गोष्ट तेव्हा मलाही नवीन होती.

ती झोपायला खोलीत गेल्यावर मुलीने भांडी मशीनमध्ये लावता लावता मला विचारलं, "आई, काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. युक्तीचं जरा रंगवूनच सांगितलं, अजूनही मला ती युक्ती आवडत होती. मुलगी हातात ताटली धरून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे चांगलं वागणार ही, आणि राजाला आवडणार दुसरी?"

"अगं, दुसरी नव्हे, तीच. नाटकात तसं असतं."

"आई, तुला खरंच कळत नाही, की कळून न कळल्यासारखं करतेस?"

"हे बघ, मी स्वतः काळी. मी कशाला काळ्या-गोऱ्याचा भेद करेन?"

"तूच करत आलीस. दर शनिवारी मला साय-बेसन कोण चोळायचं? न्हाणीघरात उभी करून, कोपर-गुडघे घासून? सातवीपर्यंत. मला वर्गात साय आंबल्याचा वास यायचा माझाच."

"त्वचा मऊ राहावी म्हणून ते."

"दादाला का नाही चोळलं मग? त्याची त्वचा काय कडक राहायला हवी होती?"

मी म्हटलं, "ताटली ठेव, पडेल."

मुलीला मी तेव्हाही एक गोष्ट सांगितली नाही, आजतागायत सांगितलेली नाही. आता वाचेल तेव्हा वाचेल. तिच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा बॅगेत एक मोठा डबा होता. आंबेहळद, मसुराचं पीठ, वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं मीच कुटून, वस्त्रगाळ करून आणलेलं. इथल्या विमानतळावर खाण्यापिण्याचं, झाडपाल्याचं सगळं दाखवावं लागतं. काउंटरवरच्या बाईने डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, हे कशासाठी. ती बाई माझ्यापेक्षा दोन छटा काळी होती, उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. आणि मी, आयुष्यभर शाळेत शिकवलेली, इंग्रजी येतं म्हणून मिरवणारी मी, तिला हसून म्हणाले, "फॉर बेबी. मेक बेबी व्हाइट."

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. "अँड इफ शी कम्स आउट लाइक यू, लव्ह?" तिने विचारलं.

मी काय उत्तर दिलं असेल? "दॅट इज व्हाय," असं म्हटलं. वर आणखी हसले. तिने डबा बाजूच्या पिंपात टाकला, संत्र्याची साल चालत नाही म्हणाली आणि मला पुढे जायला सांगितलं. बाहेर आठव्या महिन्याचं पोट घेऊन मुलगी उभी होती. मी तिला म्हटलं, "अगं, मूर्ख आहेत गं इथली माणसं, चांगलं उटणं फेकून दिलं." मूर्ख कोण ते त्या बाईला आणि मला, दोघींनाच ठाऊक. तिला लगेच कळलं, मला बरीच वर्षं लागली.

शुक्रवारी मी लायब्ररीत गेले. मला वाटलं, गोष्टीने बिघडलंय तर गोष्टीनेच दुरुस्त करावं. मुलांच्या विभागातल्या मुलीला सांगितलं की दिसण्यावरून कुणाला कमी लेखू नये असं शिकवणारी पुस्तकं हवीत. "नो वरीज," म्हणत तिने मला सहा पुस्तकं काढून दिली. सुंदर चित्रं, जाड पानं. मला वाटलं, सुटले.

दुपारी नातीला सोफ्यावर बसवून मी वाचायला लागले. गोष्ट नको म्हणाली होती, पुस्तकाला नाही म्हणाली नाही. पहिलं पुस्तक एका वॉम्बॅटचं, म्हणजे इथल्या बिळात राहणाऱ्या गुबगुबीत प्राण्याचं. त्याचा एक कान भलामोठा. बाकीचे वॉम्बॅट त्याला हसतात, खेळायला घेत नाहीत. मग एके दिवशी पूर येतो. मोठ्या कानामुळे त्याला पाण्याचा आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू येतो, तो सगळ्यांना वाचवतो. मग सगळे त्याला मिठ्या मारतात. दुसरं पुस्तक पिवळ्या मेंढीचं. पांढऱ्या कळपात ही एकटीच पिवळी, म्हणून तिला शेवटी चालावं लागतं. मग धुकं पडतं, कळप वाट चुकतो आणि पिवळा रंग तेवढा धुक्यात दिसतो. सगळे तिच्यामागून घरी. मिठ्या.

तिसरं उघडलं तेव्हा नात म्हणाली, "इट्स द सेम बुक, आजी."

"नाही गं, हे तर एमूचं आहे."

"ही विल सेव्ह एव्हरीवन. देन दे विल लाइक हिम." तिने शेवटचं पान उघडून दाखवलं. मिठ्याच होत्या. "व्हॉट इफ देअर वॉज नो फ्लड?"

"म्हणजे?"

"पूर आलाच नाही, तर? देन ही जस्ट हॅज अ बिग इअर." हे तिने अर्धं मराठीत विचारलं, म्हणजे प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. पुस्तकाच्या शेवटी 'या गोष्टीवरून काय बोध मिळतो' असं असायचं, ते फळ्यावर लिहून द्यायचे. वॉम्बॅटचा बोध काय? मोठा कान असला तरी हरकत नाही, फक्त वर्षातून एकदा गाव वाचवा. आणि माझ्या नावडतीचा? काटा काढा, भाकरी द्या, चांगल्या वागा, मग बक्षीस म्हणून तुमचा रंग काढून घेण्यात येईल. लायब्ररीच्या पुस्तकांत निदान कान होता तेवढाच राहत होता. माझ्या गोष्टीत तर बाईच बदलून टाकली होती, आणि मी ते चादर धरून करून दाखवलं होतं.

शनिवारी मी नातीला म्हटलं, "बागेत येतेस? गोष्ट नाही सांगणार."

आम्ही झोक्यांजवळच्या बाकावर बसलो. तिने द्राक्षांचा डबा आणला होता.

"मी तुझ्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. "ते आवाजाचं. आवाज बघून नाही मी तुला नावडती केलं. मी ओळीत बघितलं, काळं कोण आहे, आणि तू दिसलीस. आणि गोरी व्हायला गोरी मुलगी शोधली."

ती द्राक्षं खात राहिली. "आय न्यू."

"माहीत होतं तर विचारलंस कशाला?"

"टू सी इफ यू न्यू."

मग तिने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बघितलं. "यू आर डार्कर दॅन मी."

"आहेच. लहानपणापासून."

"डिड पीपल से थिंग्ज?"

"म्हणायचे की. आणि मी त्यांचं ऐकायचे, हा खरा मूर्खपणा." मग मी तिला फोटोचं सांगितलं. मी एकवीस वर्षांची असताना साताऱ्याला एका स्टुडिओत माझा फोटो काढला, मुलाकडच्यांना पाठवायला. फोटोग्राफरने पेन्सिलीने घासून घासून मला इतकं उजळ केलं, की नाक दिसेना. तो फोटो बघून मुलाकडचे आले. आता त्या फोटोसारखं दिसायला हवं, म्हणून मी अर्धा डबा पावडर थापली. पण ती फक्त तोंडाला. मान तशीच. हातांचं तर लक्षातच आलं नाही. पोह्यांच्या बशा द्यायला गेले तेव्हा समोरच्या आत्याबाई एकदा माझ्या तोंडाकडे बघतात, एकदा बशी धरलेल्या हाताकडे. जणू बशी दुसऱ्याच कुणीतरी धरली होती.

नात खुदकन हसली. "लाइक अ क्लाउन?"

"क्लाउन बरा, तो निदान मुद्दाम करतो. त्या आत्याबाई म्हणाल्या, मुलगी फोटोत वेगळी दिसते. तर मी काय म्हटलं असेल? म्हटलं, इथे उजेड कमी आहे."

"वॉज इट डार्क?"

"दुपारचे बारा वाजले होते."

ती हसता हसता द्राक्ष गिळायची थांबली. "अँड आजोबा?"

"तुझे आजोबा माझ्याहून काळे. त्यांना कुणी पावडर लावायला सांगितली नव्हती. त्यांनी तीन वेळा पोहे घेतले." हे खरं आहे. लग्न जमलं ते बहुतेक पोह्यांमुळे.

जरा वेळाने ती म्हणाली, "आय डोन्ट वाँट टू बी नावडती."

"मग आवडती हो. किंवा शेवटची. आता तू म्हणशील ते."

"नो." तिने डब्याचं झाकण लावलं. "आय वाँट टू बी द डक. यू बी नावडती."

"मी? अगं, ते लहान मुलांचं नाटक आहे."

"यू आर ब्राउन अँड यू नो द स्टोरी," ती म्हणाली. कामं वाटण्याची माझीच पद्धत, माझ्यावरच वापरली.

ताईला फोन केला तर ती घाबरली. "काकू, तीनच आठवडे राहिलेत! आणि सोनेरी ओढणी शिवून आलीये हो." त्या ओढणीवाल्या मुलीच्या आईला मी रविवारी स्वतः जाऊन सांगितलं. ती बाई चांगली, पण म्हणाली, "काकू, एवढं काय मनावर घ्यायचं, गोष्टच तर आहे."

"मीही जन्मभर हेच म्हणत आले," मी म्हटलं. तिची मुलगी पागेतला घोडा झाली. ओढणीचं शेपूट केलं. राणी होण्यापेक्षा तिला ते कितीतरी जास्त आवडलं, तालमीत ती चालेचना, नुसती उधळायची.

तळ्याच्या प्रसंगात बदक काय बोलणार ते मात्र नातीने मला सांगितलं नाही. प्रत्येक तालमीला तिथे आली की म्हणायची, "देन द डक टॉक्स," आणि पुढे जायची. मी कटकट केली, तर म्हणाली, "आजी, यू नेव्हर टेल मी द एंडिंग बिफोर द लेटरबॉक्स." सोमवार ते शुक्रवार आम्ही अजूनही मुकाट्यानेच घरी येत होतो. केअरचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता, दूध काढताना रोज दिसायचा. भरलेला नव्हता, काढलेलाही नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. चकलीचा आणि अत्तराचा एकत्र वास. मी जुनं लुगडं नेसून, हातात खरीखुरी भाकरी घेऊन स्टेजवर आले तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "या कोणत्या वर्गात आहेत?" सगळे हसले. मीही हसले. राजाने मला पागेत धाडलं, घोड्याने मला शेपूट मारलं, आवडतीने "जा, बाक्री खा," म्हणून माझ्याकडे पाठ फिरवली. मग तळं आलं. पिवळा रेनकोट घातलेलं बदक लंगडत पुढे झालं. मी काटा काढला, अर्धी भाकरी दिली.

बदक माझ्यासमोर उभं राहिलं आणि स्वच्छ मराठीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालं, "बाई, तुला गोरं व्हायचंय का?"

पुढच्या रांगेत मुलगी फोनवर शूटिंग करत होती. तिने फोन जरा खाली केला.

एकवीस वर्षांच्या मला कुणी हे विचारलं असतं, तर बदकाचं वाक्य संपायच्या आत मी तळ्यात असते. आणि आता साठी उलटून गेलेल्या मला? खोटं कशाला लिहू, आत कुठेतरी एक 'हो' हललंच. इतकी वर्षं सांभाळलेलं, ते काय एका शनिवारी बाकावर बसून जातं? मी नेहमीचं केलं. चेष्टेवर नेलं. "नको गं बाई," मी म्हटलं, "गुडघे गेलेत. बुडी मारली तर वर कोण काढणार?"

हॉल हसला. बदक हसलं नाही. ते एक पाऊल पुढे आलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणालं, "नो जोक्स, आजी. खरं सांग."

रेनकोटच्या टोपीतून तिचं तोंड तेवढं दिसत होतं. घाम आला होता वरच्या ओठावर. मला कळलं, की हे वाक्य पाठ केलेलं नाही. आणि हेही कळलं, की माझं उत्तर तिला नाटकासाठी नकोय.

"नको," मी म्हटलं. साध्या आवाजात. मग परत एकदा, मोठ्याने, कारण पहिल्यांदा ते माझं मलाच नीट ऐकू आलं नव्हतं. "नको. मी आहे तशी राहते."

बदकाने मान हलवली. चादर धरणाऱ्या मुलांना काय करायचं सुचेना, त्यांनी चादर घडी घालायला घेतली. राजा आला. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, ते तो म्हणाला. "अहाहा, ही कोण…" मग माझ्याकडे बघून थांबला. एका बाजूची मिशी सुटत होती. "ही तर तीच आहे," तो म्हणाला.

"हो. तीच," मी म्हटलं.

राजाने विचार केला. "मग चला महालात."

"इतकी वर्षं पागेत ठेवलंस," मी म्हटलं, "आधी चहा करून आण." हे नाटकात नव्हतं. पण एकदा स्टेजवर चढले म्हटल्यावर मी काय ऐकते! घोडा उधळला, आणि ताईने घाईघाईने पडदा ओढला.

घरी येताना गाडीत नात रेनकोटसकट झोपली. मुलगी पुढून एवढंच म्हणाली, "आई, दुसऱ्यांदा का म्हणालीस 'नको'?" मी म्हटलं, "मागच्यांना ऐकू जावं म्हणून." तिने आरशातून बघितलं. ती माझीच मुलगी, तिला खोटं ओळखता येतं. पण तिने सोडून दिलं.

सोमवारी तीन वाजता मी फाटकाशी होते. नात आली. दप्तर पाठीवरच होतं. आम्ही चालायला लागलो. पहिली दोन घरं गेली. तिसऱ्या घराच्या कुंपणावर तिने हात टेकवला, फिरवत फिरवत चालायला लागली, मग थांबली. पट्टे खांद्यावरून काढून तिने दप्तर माझ्याकडे दिलं.

"न्यू वन," ती म्हणाली. "नॉट द ओल्ड वन."

"बरं. एक राजा होता."

"व्हॉट डिड ही लुक लाइक?"

"टकला," मी म्हटलं. "आणि ढेरपोट्या. नाक असं, भज्यासारखं."

"आजी!"

"अगं, होता तसा, त्याला मी काय करू?"

ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "इज ही द बॅड गाय?"

खरं सांगायचं तर, होता. टकला, ढेरपोट्या, भजीनाक्या म्हटल्यावर दुसरा कोण असणार? सवयीने मी त्याला दुष्ट ठरवूनच टाकला होता, तोंडातून बाहेर पडायचा तेवढा बाकी होता.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. "तो काय करतो ते बघू आधी."

"ओके," नात म्हणाली. "गो स्लो." आणि पुढच्या कुंपणाला हात लावला.